त्या बाईंना तुम्ही उत्तर का दिलं नाहीत?

प्रिय ताई,

आम्ही इंग्लंडमध्ये, वॉरिकशायरला राहतो. लेकीसाठी घेतलेला टॉफी हा वेल्श पोनी, म्हणजे छोट्या चणीचा घोडा, आता 14 वर्षांचा आहे. लेक सप्टेंबरात एडिंबराला शिकायला चालली. मला घोड्यावर बसता येत नाही. नवरा म्हणतो विकून टाकू, लेक म्हणते विकलात तर सुट्टीत घरी येणार नाही. म्हणून लोनवर द्यायचं ठरलं: मालकी आमची, सांभाळ आणि खर्च दुसऱ्यांचा. जाहिरात टाकली, ‘गरीब स्वभाव, लहान मुलांना उत्तम, प्रेमळ घर हवं.’ 14 जणांनी विचारलं. स्थळं पाहावीत तशी एकेकाची पत्रं वाचतेय आणि डोकं चालेनासं झालंय.

एका कुटुंबाची घरामागे तीन एकर हिरवीगार जमीन आहे, टॉफी दिवसरात्र मोकळा चरेल म्हणतात. त्यांच्या मुलीने त्याचं चित्र काढून पाठवलं. माझा कल तिकडेच आहे. एक गृहस्थ अनुभवी आहेत, उद्याच ट्रेलर घेऊन येतो म्हणतात, फक्त करारबिरार नको म्हणतात. एका कॉलेजच्या मुलीला आठवड्यातले तीन दिवस हवाय. एका बाईंनी मात्र नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ उलटतपासणीच घेतली: वसंतात चरायला किती वेळ सोडता, मानेचा बाजूने फोटो पाठवा, खुरांचा फोटो पाठवा. त्यांना मी उत्तर दिलं नाही. मागच्या एप्रिलमध्ये टॉफीला पायांचा त्रास झाला होता, व्हेट, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, लॅमिनायटिस म्हणाले, पण आता ठणठणीत आहे. ते जाहिरातीत लिहिलं असतं तर कोणी फिरकलंच नसतं. ताई, यातून चांगली माणसं कशी पारखू?

– एक आई

—

माणसं पारखण्याचं नंतर बघू. त्या बाईंना तुम्ही उत्तर का दिलं नाहीत, ते आधी सांगा.

त्या उद्धट वाटल्या, हे कारण मला पटत नाही. त्यांच्या पहिल्याच प्रश्नाचं खरं उत्तर ‘मागच्या एप्रिलमध्ये लॅमिनायटिस झाला होता’ हे होतं, आणि ते तुम्हाला लिहायचं नव्हतं. तुमचं घोडं इथे पेंड खातंय. टॉफीचं दुखणं न बघताच त्या बाईंनी नेमकं ओळखलं. वेल्श, मध्यम वयाचा, लहान मुलांचा लाडका, एवढं वाचूनच त्यांच्या मनात पाल चुकचुकली असणार. 14 जणांमध्ये घोडा कळणारं एक माणूस तुमच्या दारात आलं आणि तुम्ही दार लावून घेतलंत. आता उरलेल्यांतून चांगलं कोण, हे मला विचारताय. मला राग आलाय, आणि तो लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

‘पायांचा त्रास’ म्हणजे काय, ते एकदा नीट ऐका. खुराचं बाहेरचं कवच आणि आतलं हाड यांना जोडून ठेवणारे असंख्य बारीक पापुद्रे असतात. घोड्याचं वजन त्या पापुद्र्यांवर तोललेलं असतं. लॅमिनायटिसमध्ये ते सुजतात, आणि खूर इतका कडक की सुजेला पसरायला जागाच नसते. वेळेत आवर घातला नाही तर पापुद्रे सुटतात, हाड आतल्या आत फिरतं, खाली खचतं, फारच झालं तर तळव्यातून बाहेर येतं. तिथवर गेलेल्या जनावरासाठी व्हेटकडे बहुधा शेवटचं इंजेक्शनच उरतं. टॉफीला हे एकदा होऊन गेलंय, आणि ज्याला एकदा होतं त्याला पुन्हा होण्याची भीती जास्त असते. तेव्हा ‘आता ठणठणीत’ हे अर्धंच वाक्य आहे. मागच्या वर्षी गवतावर लक्ष ठेवलंत म्हणून तो ठणठणीत आहे.

आणि कारण तर बहुतेक वेळा गवतच असतं. वेल्श पोनी मूळचे डोंगरावरचे, वाऱ्यापावसात खुरटं गवत खाऊन तगलेले. तुमच्याकडची सखल कुरणं अनेकदा दुभत्या गाईंसाठी पेरलेल्या राय गवताची असतात, साखरेने भरलेली. असल्या पोनीच्या शरीरात इन्सुलिनचं गणित आधीच बिघडलेलं असेल तर ते गवत सरळ खुरांवर उतरतं. एप्रिल-मे धोक्याचे. सप्टेंबरच्या पावसानंतर कोवळं गवत पुन्हा फुटतं, तेव्हाही धोका. थंडीतल्या दवगोठल्या, लख्ख उन्हाच्या सकाळीही धोका, कारण उन्हात गवत साखर तयार करत राहतं आणि गारठ्यामुळे वाढत मात्र नाही, म्हणून ती साखर पात्यातच साठते.

आता तुमच्या त्या लाडक्या कुटुंबाचं पत्र पुन्हा वाचा. तीन एकर हिरवंगार, दिवसरात्र मोकळा, आणि तोही सप्टेंबरात. इतक्या प्रेमाने टॉफीला मारण्याची सोय दुसऱ्या कोणी देऊ केलेली नाही. त्यांचा त्यात काडीचाही दोष नाही. त्यांना सांगितलंय कोणी? चित्र काढणारी ती मुलगी एक दिवस शाळेला जाण्याआधी गाजर घेऊन कुरणात जाईल. टॉफी पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभा असेल. ती हाक मारेल, गाजर दाखवेल, आणि तो जागचा हलणार नाही. तिने पुढच्या खुरावर हात ठेवला तर तो गरम लागेल. त्याचा अर्थ तिला कळणार नाही. तिच्या आईवडिलांनाही कळणार नाही, कारण कळण्यापुरतं वाक्य तुम्ही जाहिरातीतून गाळलंत. ते ‘थकला असेल’ म्हणून संध्याकाळपर्यंत वाट बघतील, आणि या आजारात व्हेटला लगेच बोलवायचं असतं.

स्थळांची गोष्ट तुम्हीच काढलीत. दुखणं लपवून मुलगी खपवणारी घरं आपण पाहिली आहेत. निस्तरावं लागतं ते त्या मुलीलाच. टॉफीला तर फोन करून ‘आई, मला घेऊन जा’ असंही म्हणता येत नाही.

लोनवर दिलं म्हणजे जबाबदारी गेली, असं कुठेतरी मनात असेल तर तेही काढून टाका. इंग्लंड-वेल्समधला 2006 चा प्राणीकल्याण कायदा स्पष्ट आहे: जनावर ज्याच्या ताब्यात असेल तो जबाबदार असतोच, पण मालक नेहमीच जबाबदार धरला जातो. ताबा बदलला तरी तुमचं नाव सुटत नाही.

चौकशीची पत्रं कशी वाचायची, हे तुम्हाला हवं होतं. त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात पडलंय. तुमची जाहिरात गोड होती, म्हणून उत्तरंही गोड आली. ‘प्रेमळ घर हवं’ म्हटल्यावर आमचं घर प्रेमळ नाही असं कोण लिहील? बहुतेकांनी स्वतःबद्दल लिहिलंय: आमची जमीन, आमच्या मुलीचं स्वप्न, आमचा अनुभव. टॉफी काय खातो, त्याला नाल आहेत की नाहीत, नालबंद किती आठवड्यांनी येतो, तो एकटा राहतो का, हे ज्याने विचारलं नाही त्याच्या पत्रातून टॉफीपुरतं तुमच्या हाती काहीच लागलेलं नाही. चांगला माणूस बसणाऱ्याचं वजन आणि उंची न विचारता सांगतो, आपल्या व्हेटचं आणि नालबंदाचं नाव स्वतःहून देतो. आणि तो प्रश्न विचारतो, कंटाळा येईल इतके.

ट्रेलरवाल्या गृहस्थांवर मी फार शब्द खर्च करणार नाही. ज्याला उद्याच घोडा हवा आणि कागद नको, त्याला नाही म्हणायचं, कारण द्यायचं नाही. लोनवर नेलेले घोडे परस्पर विकले गेल्याच्या तक्रारी इथे होत असतात, आणि घोड्याचा पासपोर्ट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, दाखवून मालकी सिद्ध होत नाही. कॉलेजच्या मुलीला तिची चूक नसताना नाही म्हणावं लागेल. उरलेले चार दिवस खरारा, चारा, शेण कोण करणार? तुम्ही तर नाही.

म्हणून एकच करा. आज रात्री त्या बाईंना फोन करा. मेसेज नको, फोन. पहिलं वाक्य हे असू द्या: ‘टॉफीला मागच्या एप्रिलमध्ये लॅमिनायटिस झाला होता, म्हणून मी तुम्हाला उत्तर दिलं नाही.’ मग गप्प बसा आणि त्या काय विचारतात ते ऐका. एक्स-रे काढला होता का, हाड फिरलं होतं का, इन्सुलिन आणि कुशिंग या हार्मोनच्या आजारासाठी रक्त तपासलं का, चरताना तोंडाला मुसकी घालता का, सुकं गवत भिजवून देता का. यातलं काही तुम्हाला माहीत नसेल तर ‘माहीत नाही, व्हेटला विचारून सांगते’ म्हणा, आणि खरंच विचारा.

त्या बघायला येतील तेव्हा टॉफीला घासूनपुसून, खोगीर घालून उभा करू नका. यार्डात, म्हणजे तबेल्याच्या आवारात, आहे तसा ठेवा आणि बाजूला उभ्या राहा. माझ्या अंदाजाने त्या आधी त्याच्या मानेच्या वरच्या कडेवरून हात फिरवतील, आयाळीखाली चरबी घट्ट झालीय का ते चाचपायला. मग खाली बसून खुरांवरच्या आडव्या कड्या बघतील. टाचेकडे रुंद होत जाणाऱ्या कड्या जुना लॅमिनायटिस सांगतात. कदाचित पायाच्या मागे, खुराच्या वर, दोन बोटं टेकवून ठोका बघतील. त्याला कडक जमिनीवर चालवून दाखवा म्हणतील. बसण्याचा विषय सगळ्यात शेवटी निघेल. असं झालं तर त्यांच्या बोलण्याचालण्यात गोडवा असो नसो, मला फरक पडत नाही, तुम्हालाही पडू देऊ नका.

नंतर तुम्ही त्यांच्याकडे जा. लेकीला बरोबर न्या, तिची नजर तुमच्यापेक्षा तयार आहे. चहा घ्या, पण बैठकीच्या खोलीत रमू नका. त्यांच्या घोड्यांचे खूर बघा, पाण्याची टाकी बघा, चरणं आवरायला कुरणात इलेक्ट्रिक फितीने आखलेला छोटा भाग आहे का ते बघा. ज्यांच्याकडे तो आधीपासून आखलेला असतो त्यांना तुमचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही.

करार लेखीच. ब्रिटिश हॉर्स सोसायटीकडे नमुना मिळतो, त्यात तुमची भर घाला: चरण्याचे तास, नालबंदाचा वार, व्हेटचं बिल कोणाचं, तुम्ही कधीही येऊन बघू शकता, किती दिवसांच्या सूचनेवर घोडा परत, आणि तातडीच्या वेळी तुम्ही फोनवर सापडला नाहीत तर निर्णय कोणी घ्यायचा. हा शेवटचा मुद्दा लिहिताना हात थांबेल. तरी लिहा. पासपोर्ट घोड्याबरोबर द्यावा लागतो, कायदाच आहे, पण मालक म्हणून नोंद तुमचीच ठेवा आणि त्याच्या मायक्रोचिपचा नंबर घरी लिहून ठेवा.

एडिंबराला निघण्याआधी लेकीकडून टॉफीचा एक दिवस लिहून घ्या, सकाळपासून रात्रीपर्यंत, ग्रॅम आणि तासांसकट. तो कागद त्या बाईंच्या फार उपयोगी पडेल.

त्यांनी एव्हाना दुसरा पोनी घेतला असेल, असंही होऊ शकतं. तसं असेल तर जुनी जाहिरात काढा आणि नवी लिहा. पहिल्याच ओळीत लॅमिनायटिस, मग वय, उंची, मग स्वभाव. 14 ऐवजी दोघंच विचारतील. दोघं पुरेत. आणि सप्टेंबरपर्यंत कोणीच नाही मिळालं, तर टॉफी आहे तिथेच राहील आणि तुम्ही यार्डचं भाडं भराल. नवऱ्यालाही तसं आजच सांगून ठेवा.