बूस्ट गळतोय? टर्बो बदलण्याआधी हे बघ

गाडीत पी०२९९ कोड (बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब, कमी पडतोय असं सांगणारा) आला आणि पिकअप गेला म्हणजे टर्बोच गेला, असं लगेच धरू नकोस. आधी टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) आणि तिथून इनटेकपर्यंतचे (इंजिनात हवा शिरते तिथपर्यंतचे) सगळे होज हाताने चाचपून बघ. क्लॅम्पजवळ ताजं ओलसर तेल दिसलं, तर माझा पहिला संशय त्याच जोडावर. होजची खालची बाजू आरशात नक्की बघ, चीर बहुधा तिथेच लपते.

डोळ्यांना काही सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट कर. इंजिन बंद आणि थंड हवं. एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढून टर्बोच्या तोंडावर हवा भरायचा व्हॉल्व्ह असलेलं बूच घट्ट बसव, क्रँककेसची ब्रीदर लाइन (इंजिनाच्या खालच्या भागातली वाफ बाहेर नेणारी नळी) बंद कर. हवा भरायच्या कंप्रेसरला रेग्युलेटर (दाब ठरवणारं साधन) लावल्याशिवाय हवा सोडू नकोस, कारण जास्त दाबाने ऑइल सील जातात. ५ पीएसआयपासून सुरुवात कर, हळूहळू वाढव, पण गाडीच्या नेहमीच्या बूस्टच्या पुढे जाऊ नकोस. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मार. बुडबुडे येतील तिथे गळती. ऑइल डिपस्टिककडून थोडी सुरसुर आली तर घाबरू नकोस, पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडी हवा निसटतेच.