२५ बाय २५ मिलिमीटरच्या बोर्डावर आरएफआयडी रीडर (जवळ धरलेलं कार्ड बिनतारी वाचणारं सर्किट) बसवायचा आहे, चिप एमएफआरसी५२२. तांब्याचे दोन लेयर पुरतील की चार घेऊ? अँटेना त्याच बोर्डावर काढली तर चालेल का? उरलेल्या जागेत दोन्ही बाजूंनी ग्राउंड भरून टाकणार आहे.

दोन लेयर पुरतात आणि अँटेना त्याच बोर्डावर काढा. उत्तर खरं तर इथेच संपतं. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, 'उरलेल्या जागेत दोन्ही बाजूंनी ग्राउंड भरून टाकणार आहे', म्हणजे शून्य व्होल्टला जोडलेलं सलग तांबं. ते वाचलं आणि राहवलं नाही.

अगदी हेच वाक्य माझ्या जोडीदाराच्या तोंडी होतं. दाराच्या कुलपासाठी छोटा रीडर करायचा, बोर्ड तो काढणार आणि कोड मी लिहिणार, असं ठरलं होतं. चिप तुमचीच, एमएफआरसी५२२. बोर्ड देखणा आला, खोटं कशाला बोलू. वर अँटेनाचे चार वेढे, मागे काठापासून काठापर्यंत तांबं. व्हर्जन रजिस्टर (चिप आपला आवृत्ती क्रमांक जिथे सांगते ती जागा) वाचलं तर हेक्समध्ये ९२ आलं, म्हणजे चिप जिवंत. कार्ड मात्र अँटेनावर घासलं तरी ढिम्म.

"चिप बोलतेय ना? मग हार्डवेअर ठीक आहे. तुझा कोड बघ."

जोडीदाराकडून हे मी तीन आठवडे ऐकलं. लायब्ररी बदलली, एसपीआयचा (चिपशी बोलायच्या तारांचा) वेग कमी केला, टायमिंग पुन्हा पुन्हा तपासलं. व्हर्जन रजिस्टर वाचता आलं याचा अर्थ मायक्रोकंट्रोलर आणि चिप यांच्यामधल्या चार तारा ठीक आहेत, बस. अँटेना कापून कचऱ्यात टाकली तरी ती चिप ९२च सांगणार. पण लेआउटवाल्याला हे कोण सांगणार?

शेवटी एका रात्री ऑसिलोस्कोपच्या प्रोबच्या टोकाला त्याचीच ग्राउंड क्लिप अडकवली. झाला एक वेढ्याचा लूप. विकतच्या मॉड्यूलवर धरला तर स्क्रीन भरून साइन वेव्ह. आमच्या बोर्डावर धरला तर त्याच स्केलला नुसती जाडसर रेघ.

कारण साधं आहे. १३.५६ मेगाहर्ट्झला रीडर आणि कार्ड म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजू. कॉइलमागे तांब्याचा सलग पत्रा ठेवला की त्यात भोवऱ्यासारखे करंट फिरतात आणि कॉइलचंच फील्ड खाऊन टाकतात. वर कॉइलचा इंडक्टन्स (ती किती चुंबकीय फील्ड बनवते त्याचं माप) घसरतो तो वेगळाच. १ मायक्रोहेन्रीची कॉइल १३.५६ला रेझोनन्सवर, म्हणजे त्याच फ्रिक्वेन्सीला सूर जुळवून, आणायला साधारण १३८ पिकोफॅरड लागतात. पत्र्यामुळे इंडक्टन्स निम्म्यावर आला, तर तेच सर्किट १९ मेगाहर्ट्झच्या पुढे जाऊन बसतं. तुमचं गणित बरोबर, पण ते ज्या कॉइलचं केलं ती बोर्डावर उरलेलीच नसते.

मी मागच्या तांब्याला ब्लेडने चिरा पाडल्या, सोल्डरिंग आयर्नने तापवून चिमट्याने पट्टी पट्टी सोलून काढली. आता कार्ड वाचलं, पण चिकटवलं तरच. तेव्हा लक्षात आलं की चार स्क्रूच्या भोकांना जोडणारी ग्राउंडची एक कडी अँटेनाभोवती पूर्ण फिरवली होती. बंद कडी म्हणजे ट्रान्सफॉर्मरची शॉर्ट केलेली दुसरी बाजू! कटरने ती एकाच जागी तोडली, अर्ध्या मिलिमीटरची फट. कार्ड अडीच सेंटिमीटरवरून वाचायला लागलं. त्या रात्री कोडची एक ओळही बदलली नव्हती. यावर आमचे जोडीदारसाहेब काय म्हणाले? "म्हणजे वेढे बरोबरच होते."

आता तुमचं बोलू. करंट तोच धरला, तर लूपची त्रिज्या वाचायच्या अंतराच्या साधारण १.४ पट असताना त्या अंतरावर फील्ड सर्वाधिक मिळतं. तुमच्या बोर्डावर त्रिज्या जेमतेम १२ मिलिमीटर. म्हणजे सेंटिमीटरभराचं काम आहे. पाच सेंटिमीटर हवे असतील तर बोर्ड मोठा करा, चिप बदलून काही होणार नाही. वेढे काठालगत घ्या, चिप आणि २७.१२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल मध्ये ठेवा. ग्राउंडचा तुकडा फक्त चिपखाली, बाकी ग्राउंड फांद्यांसारखं, कुठेही कडी पूर्ण होता कामा नये. मॅचिंगचे (अँटेना चिपशी जुळवणारे) कपॅसिटर एनपीओ प्रकारचेच घ्या. एक्स७आर प्रकारचे तापमानाबरोबर सरकतात आणि मग रीडर दुपारी एक वागतो, रात्री दुसरं. प्रत्येक मॅचिंग कपॅसिटरशेजारी आणखी एक कपॅसिटर जोडता येईल असा रिकामा पॅड ठेवा, पहिल्या फटक्यात ट्यूनिंग कुणाचंच जमत नाही. फिल्टरचे इंडक्टर स्वस्तातले नकोत. ट्रान्समीटर १०० मिलिअँपपर्यंत ओढू शकतो आणि तिथे बारीक इंडक्टर दम तोडतात.

ग्राउंड भरणं एरवी वाईट नाही, वेगवान डिजिटल बोर्डावर मीही भरतो. मागे बॅटरी किंवा धातूची पेटी येणारच असेल तर मध्ये फेराइटची (फील्ड धातूपर्यंत जाऊ न देणारी चुंबकीय) शीट घाला, पण ट्यूनिंग ती लावल्यावरच करा.

आणि हो, रीसेटनंतर या चिपचे अँटेना ड्रायव्हर बंद असतात. ट्रान्समीटरच्या कंट्रोल रजिस्टरचे (TxControlReg) खालचे दोन बिट सेट करून ते चालू करावे लागतात. मी स्वतः लिहिलेल्या पहिल्या कोडमध्ये ते राहिले होते, लायब्ररी बदलली तेव्हा आपोआप झाले. त्या तीन आठवड्यांतला पहिला आठवडा माझा. उरलेले दोन त्याचे.