दरीतलं रान एवढं दाट कसं?

प्रश्न : ताम्हिणीत माथ्यावर नुसता उघडाबोडका सडा (कातळाचं पठार), आणि दरीत मात्र सूर्य दिसू नये असं रान. एवढा फरक का? - एक वाचक, कोथरूड

उत्तर : सड्यावर माती वीतभरही टिकत नाही, पाऊस, वारा सगळं वाहून नेतात. ती माती खाली घळीत साठते. तिथे ऊन जेमतेम पोचतं, वारा अडतो, म्हणून पावसाळा सरला तरी ओल राहते. शिवाय उभ्या कड्यावर ना नांगर चालला, ना कुऱ्हाड सहजी पोचली. २०१३ साली ताम्हिणी अभयारण्य झालं, पण त्याआधी बरंचसं राखलं ते या चढानेच, असं माझं मत.

शेकरू सगळेच शोधतात. तुम्ही पावसाळ्यात पाझरत्या कातळाजवळ थांबा, अगदी नाक लावून बघा. इंदिराना जातीच्या बेडकांची पिल्लं डबक्यात नव्हे, ओल्या दगडावरच वाढतात. लांब शेपटी, लवकर फुटलेले मागचे पाय; हात नेलात की टुणकन उडतात! ही बेडकं सह्याद्रीच्या रांगेबाहेर सापडत नाहीत. रील काढायला धबधब्यावर चढणाऱ्यांच्या बुटाखाली नेमका तोच कातळ येतो, तेव्हा कडेकडेने चाला.