शेळीची मान, माणसाची मान

प्रश्न : वडिलांच्या मानेतील सरकलेली गादी दुर्बिणीतून काढायची आहे. अशा शस्त्रक्रिया आधी शेळ्यामेंढ्यांवर तपासतात म्हणे. चार पायांच्या जनावराची मान माणसाला कशी लागू पडावी?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : शंका रास्त आहे. जिराफासह बहुतेक सर्व सस्तन प्राण्यांच्या मानेत 7च मणके असतात. शिवाय शेळी मान उभी धरत असल्याने तिच्याही गादीवर उभा दाब येतो, म्हणून बोटभर छेदातून नळी सरकवून मज्जारज्जूला धक्का न लावता गादीपर्यंत पोहोचता येते का, हे तिच्यात पाहता येते. मृतदेहावर हात बसतो खरा, पण तेथे रक्तस्रावही होत नाही आणि जखमही भरत नाही. मात्र हाताला मुंग्या येणे थांबले का, हे शेळी सांगणार नाही. ते रुग्णांवरील चाचण्यांतूनच कळते.