विश्वामित्रीच्या काठावर नदी दिसणारा फ्लॅट घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून बडोद्याला बदली झालीय, समा-हरणी भागात विश्वामित्री नदीकडे बाल्कनी असलेला तीन बेडरूमचा फ्लॅट आवडलाय, पुढेमागे रिव्हरफ्रंट झाला तर भाव चढेल का, आणि पुराचा विचार करून कितवा मजला घ्यावा.

घेऊ नका. मजल्याचं नंतर सांगते.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात 27 वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले. समामध्येच माहेरच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे सोसायटीतल्या बैठ्या घरात, आईबरोबर राहते. वडिलांनी 1984 साली प्लॉट घेतला तेव्हा मागे कोतर होतं. पुण्याच्या माणसाला हा शब्द नवा असेल. नदीच्या दोन्ही अंगांना ओहोळांनी माती कापून केलेल्या ज्या खोल घळी असतात, त्यांना इकडे कोतर म्हणतात. आमच्या मागचं कोतर गांडा बावळने, म्हणजे वेड्या बाभळीने, भरलेलं. त्याच्या तळाशी मगर येऊन पडायची, म्हणून आम्हा मुलांना तिकडे जायची बंदी होती. प्रत्येक पावसाळ्यात ते कोतर भरायचं आणि दोन दिवसांत रिकामं व्हायचं. 2005 च्या पुरात पाणी कोतरातून हळूहळू वर चढून आमच्या ओट्याच्या दुसऱ्या पायरीला लागलं आणि एका रात्रीत उतरलं. सकाळी आईने पायरी धुतली, तेवढंच.

आता 2024 सांगते. 26 ऑगस्ट, सोमवार, गोकुळाष्टमी. आईचा उपास. सकाळपासून पाऊस असा लागला होता की टीव्ही ऐकू येत नव्हता. संध्याकाळपासून मोबाईलवर काळा घोड्याचे आकडे यायला लागले. सयाजीबागेजवळच्या त्या पुलावर नदीची पातळी मोजतात, 25 फुटांवर धोका. पावसाळ्यात बडोद्यात माणसं ‘जेवलात का’ विचारायच्या आधी ‘काळा घोड्याला किती’ हे विचारतात. आम्ही दाराला गोधड्या आणि वाळूच्या पिशव्या लावून बसलो.

पाणी दारातून आलंच नाही. पहाटे मोरीच्या जाळीतून आलं. आधी गुळगुळ आवाज, मग काळं पाणी, मग संडासातून. घराची लादी आतून भरली आणि मग बाहेरचं पाणी पुढच्या फाटकातून रस्त्याच्या बाजूने आत शिरलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पाणी पुढून आलं. नदी आमच्या मागे आहे.

समोरच्या दुमजली घरातल्या भाईंनी ओरडून सांगितलं, ‘बेन, बाने लईने ऊपर आवी जाव.’ त्यांच्या दोन मुलांनी आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून छातीभर पाण्यातून उचलून नेलं. आई 83 वर्षांची, हातात फक्त देवघरातला बाळकृष्ण. वरच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा माणसं तीन दिवस होतो. वीज नाही. प्यायचं पाणी पातेल्याने मोजून. रात्री अगाशीवरून, म्हणजे गच्चीवरून, टॉर्च मारला तर सोसायटीच्या मोकळ्या कॉमन प्लॉटच्या भिंतीशी दोन डोळे लाल चमकले. मगर. आणि रात्रभर माझ्याच घरातून ठक, ठक असा आवाज येत होता. फ्रीज आडवा होऊन तरंगत होता आणि स्वयंपाकघराच्या दारावर आपटत होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

नदी त्या वेळी काळा घोड्याला 35 फुटांच्या वर गेली होती. पाणी उतरल्यावर मी सवयीने टेप आणली आणि भिंतीवरची रेघ मोजली. 4 फूट 7 इंच. वडिलांनी जपून ठेवलेल्या प्लॉटच्या मूळ नकाशाचा, जुन्या अमोनिया प्रिंटचा, पेटीत घड्या एकमेकींना चिकटून लगदा झाला होता. दहा-बारा दिवसांनी गणपती आला तेव्हा आम्ही त्याला ओल्या भिंतीपुढे पाटावर बसवला.

आता मुद्द्याचं. माझा थोरला भाऊ, दादा, आजही म्हणतो की हे आजव्याच्या पाण्यामुळे झालं. दरवाज्यांतून पाणी सोडलं, म्हणून पूर. आणि शहरातले निम्मे लोक हेच म्हणतात. आजवा म्हणजे सयाजीराव महाराजांनी शहराला प्यायला पाणी मिळावं म्हणून बांधलेलं सरोवर, 62 दरवाज्यांचं. पातळी 211 फुटांवर गेली की पाणी विश्वामित्रीत येणारच. पण दादा, आजवा 1890 च्या दशकापासून तिथे आहे. मागचं कोतर मात्र 2012 पासून नाही.

ते कसं गेलं तेही सांगते. रात्री डंपर यायचे. पाडलेल्या घरांच्या विटा, प्लास्टर, वर मुरूम. मी ऑफिसातून जुनी ट्रेसिंग काढून दाखवली होती, कोतराचा तळ आमच्या प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, 14 फूट खाली. हे भरलं तर पाणी कुठे राहणार, असा अर्ज लिहून सोसायटीत फिरवला. दादाच्या नावावर बाजूचा कोतराला लागून असलेला प्लॉट होता. त्याने सही तर केली नाहीच, त्याच बिल्डरला प्लॉट विकला. मुलीची ॲडमिशन होती, पैसे लागत होते, ते मला समजतं. पण आईसमोर तो म्हणाला, ‘तुझ्या कागदावरच्या रेघांना पाणी विचारत नाही.’ बारा वर्षं मी हे वाक्य गिळून बसले होते.

रेघांना पाणी विचारतं. विश्वामित्री निघते तो पावागड डोंगर सुमारे 800 मीटर उंच, आणि बडोदं जवळजवळ सपाट. डोंगरावर पडलेलं पाणी इथे जोरात पोचतं, वर सूर्या नदी येऊन मिळते, आणि शहरात आल्यावर नदीला उतारच राहत नाही. म्हणून ती नागमोडी वळणं घेते. पुढे ती ढाढरला मिळते, आणि ढाढर स्वतःच तुडुंब असेल तर विश्वामित्रीचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. अशा नदीला पाणी टिकवायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे कोतरं, तळी, आणि भुखी कांस, रुपारेल कांस यांसारखे पावसाच्या पाण्याचे कांस, म्हणजे ओढे-नाले. ती भरली की पाणी नाहीसं होत नाही. ते शेजारच्या घरात जातं. मागच्या उंच भरावामुळे आमच्याकडे ते वळसा घालून रस्त्यावरून, पुढून आलं. आणि 2005 ला एका रात्रीत उतरलेलं पाणी 2024 ला तीन दिवस उभं राहिलं, कारण उतरायची वाटच बुजली होती. दोन्ही पूर सारखे नव्हते, 2024 चा मोठाच होता, हे मान्य. पण पाण्याची दिशा बदलली ती पावसाने नाही बदलली.

म्हणून मी विचारते, तुमची बिल्डिंग कशावर उभी आहे? मूळ जमिनीवर की भरावावर? गुजरातच्या बांधकाम नियमात नदीच्या काठापासून 30 मीटर आणि कांस, नाला, तलावापासून 9 मीटर सोडायचे असतात. ऐकायला छान. पण काठच भराव टाकून पुढे सरकवला तर ते 30 मीटर कुठून मोजणार? पुण्यात तुम्हाला निळी रेषा आणि लाल रेषा माहीत असेलच. निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. त्या रेषा असूनही जुलै 2024 मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत काय झालं, ते तुम्हीही पाहिलं असेल. इथे सर्वसामान्य ग्राहकाच्या तोंडी तेवढ्या रेषाही नाहीत. ब्रोकर दाखवतो ती फक्त ‘रिव्हर व्ह्यू’.

रिव्हरफ्रंटने भाव वाढेल का, याबद्दल माझं मत असं की ज्या दिवशी इथे दोन्ही काठांना सिमेंटच्या भिंती उभ्या राहतील, त्या दिवशी मी समा सोडेन. अहमदाबादला रिव्हरफ्रंट झाला ती साबरमती वेगळी नदी आहे, रुंद आहे. विश्वामित्री अरुंद, वळणावळणाची, आणि तिच्या मातीच्या काठात शेकडो मगरी बिळं करून राहतात. मे 2021 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नदीची हद्द आखा, अतिक्रमणं काढा, नदी पूर्ववत करायचा आराखडा राबवा, असा आदेश दिला. 2024 च्या पुरानंतर, 2025 च्या पावसाळ्याआधी पात्रातला गाळ काढून ते रुंद-खोल करण्याचं मोठं काम झालं. ते चांगलंच झालं, मी स्वतः जाऊन पाहिलं. पण नदी खणली आणि कोतर परत दिलं नाही, तर अर्धंच काम झालं.

आता तुमचा मजला. तिसऱ्याच्या वर घरात पाणी येणार नाही, हे खरं. पण तळघरात गाडी, पाण्याची मोटर आणि मीटरचं पॅनल असेल तर सातव्या मजल्यावरही तुम्ही चार दिवस अंधारात, बिनपाण्याचे, बिनलिफ्टचे अडकता. घरात म्हातारं माणूस असेल तर तेवढं एक कारण पुरे. मीटर पहिल्या मजल्यावर आहेत का हे बिल्डरला विचारा, आणि 2019 च्या 31 जुलैला, ज्या दिवशी जवळपास 20 इंच पाऊस पडला, त्या गल्लीत पाणी किती होतं हे कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा. बिल्डरपेक्षा त्याचं उत्तर धरा. आणि हो, मी माझ्या एका घरावरून बोलतेय. नदीकाठी उंच मूळ जमिनीवरच्या काही सोसायट्या दरवेळी कोरड्या राहतात. तुमची तशी असेल तर माझं ‘घेऊ नका’ मागे घेते.

ते कळायला एक सोपा मार्ग आहे. बानाखत, म्हणजे खरेदीचा करार, करण्याआधी कॉम्प्युटरवर गूगल अर्थ उघडा, जुनी उपग्रह चित्रं बघायची पट्टी मागे सरकवा, आणि तुमची बिल्डिंग होण्याआधी तिथे काय होतं ते बघा. हिरवं वाकडं वळण दिसलं तर ते कोतर. मी दादाला असं 2010 आणि 2016 चं चित्र शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. तो चष्मा काढून जवळून बघत होता. म्हणाला, ‘हा आपला प्लॉट का?’ मी म्हटलं, हो. मग तो आईच्या खोलीत गेला आणि भिंतीवरच्या त्या रेघेला हात लावून उभा राहिला. रंग दिलाय तरी पावसाळ्यात ती अजून वर येते.