हात चांगला आहे, मग आकडे का अडतात?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही ऐरोलीला राहता, मुलगा आयटीआयला फिटरच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीला गणितात काठावर पास झाला होता. आता त्याचं फायलिंग, म्हणजे कानशीने धातू घासण्याचं काम, निदेशकांना आवडतं, पण वर्कशॉप कॅल्क्युलेशनच्या, म्हणजे कामातल्या हिशोबाच्या, चाचणीत तो दोनदा नापास झालाय, आणि पुस्तक पुढे ठेवलं की उठून जातो. त्याला तिथून काढून अकरावी आर्ट्सला घालू, की दहावीच्या गणिताचा क्लास लावू, असं तुम्ही विचारलंय.

यातलं काहीच करू नका. ज्याचा हात कानशीवर बसलाय, त्याला तिथून उठवणं हे नुकसान आहे. आणि दहावीच्या क्लासात पुन्हा तीच प्रमेयं, तीच समीकरणं घोटून घेतील. त्याचं अडलंय ते बहुतेक पाचवी-सहावीत, अपूर्णांक आणि दशांशाशी.

रबाळ्याच्या एका कारखान्यातला मुलगा आठवतो. जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, 24 मिलिमीटरला आणायचा होता. व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घेण्याचं सरकत्या पट्टीचं साधन, त्याने अगदी नीट धरला. मुख्य पट्टीवर 24, सरकत्या पट्टीची तिसरी रेघ जुळलेली. एक रेघ 0.02ची, म्हणजे तीन रेघांचे 0.06. इथपर्यंत तोंडाने बरोबर सांगितलं आणि वहीत लिहिलं 24.6. मग त्या आकड्यावर विसंबून अर्ध्या मिलिमीटरहून जास्त घासलं. जॉब भंगारात गेला. मुलगा ढ नव्हता, हात चुकला नव्हता; एक शून्य त्याला कुणी कधी समजावून दिलं नव्हतं. मी त्याला रुपये-पैशांत विचारलं, 24 रुपये 6 पैसे कसे लिहिशील? तो थांबला, स्वतःच खोडलं आणि 24.06 लिहिलं.

तुमचे सासरे सुतारकाम करायचे असं लिहिलंय. ताई, हे तुमच्या घरातलं मोठं धन आहे. त्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी हे पाव, अर्धा, पाऊणचे पाढे तोंडपाठ असायचे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे ते झोपेतही सांगतील. रोज जेवणानंतर आजोबा-नातवाने टेप घेऊन बसावं. दाराची चौकट, डब्याचं झाकण, काहीही मोजावं. आजोबांनी इंच-सुतात सांगावं, नातवाने मिलिमीटरमध्ये करावं: इंच 25.4, म्हणून सूत 3.175. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. हे रोज मात्र व्हायला हवं.

आता वाचनाचं. त्याला धडा वाचायला लावू नका. त्या दिवशी केलेल्या जॉबचं ड्रॉइंग आणि त्याखालच्या दोन-तीन ओळीच वाचायच्या. टॉलरन्स (मापात चालणारा फरक), चॅम्फर (तिरकी केलेली कड), बर (कडेला राहिलेली धारदार चुरी) असे शब्द एका वहीत लिहून शेजारी छोटं चित्र काढायचं, आणि तो जॉब कसा केला ते चार ओळींत मराठीत लिहायचं. तुम्ही सातवीपर्यंतच शिकल्याचा संकोच तुमच्या पत्रात दिसला. त्याची गरज नाही. तुम्ही फक्त म्हणा, "मला समजेल असं सांग." आईला समजावताना तो कुठे अडखळतो, ते त्याचं त्यालाच कळेल.

निदेशकांना जाऊन भेटा. चाचणीचे पेपर मागून घ्या आणि पद्धत येत नाही की प्रश्नच वाचता येत नाही, एवढं एकच विचारा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. भारतस्किल्स या सरकारी पोर्टलवर ट्रेडचे प्रश्नसंचही मिळतात.

आधी डोळे तपासून घ्या. आणि अक्षरं उलटसुलट होणं, ओळ सुटणं हे लहानपणापासून असेल, तर सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातल्या अडचणीची, तपासणी होते, तिथे न्या. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि कळायला जितका उशीर, तितकी पोराची वर्षं जातात.

दोन वर्षांचं आयटीआय झालं की अप्रेंटिसशिप आहे, डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाटही आहे. अकरावीचा विचार तूर्त बाजूला ठेवा. महिनाभराने त्या वहीचं एक पान मला पाठवा, खाडाखोडीसकट.