भाकरी चावताना जबडा भरून येतो

प्रश्न : सासूबाईंचं वय ७१. दोन महिन्यांपासून डाव्या कानशिलात ठणका आहे. वेणी घालताना कंगवा लागला तरी कळवळतात. भाकरीचे चार घास चावले की जबडा भरून येतो, थांबल्या की बरं वाटतं. दात ठीक आहेत. अर्धशिशीच्या गोळ्यांनी उतार नाही. परवा डाव्या डोळ्यापुढे पडदा आला, पाच मिनिटांत गेला. द्राक्षबागेत छाटणी चालू आहे. ती उरकल्यावर दाखवलं तर चालेल का?
– एक वाचक, मखमलाबाद, नाशिक

उत्तर : ताई, पत्र वाचताच मी तुम्हाला फोन केला, कारण हे उत्तर छापून येईपर्यंत थांबणं धोक्याचं होतं. त्याच संध्याकाळी तुम्ही त्यांना दवाखान्यात नेलंत, फार बरं केलंत. आता बाकीच्या घरांसाठी लिहिते.

मला संशय आला तो जायंट सेल आर्टेरायटिसचा. यात रोहिण्यांच्या भिंती सुजतात आणि आतली वाट अरुंद होते. कानशिलावरची रोहिणी सुजली की ठणका लागतो. चावताना जबड्याच्या स्नायूंना जास्त रक्त लागतं, ते पुरत नाही, म्हणून जबडा भरून येतो. डोळ्याच्या नसेचं रक्त तुटलं तर गेलेली नजर सहसा परत येत नाही आणि उपचार नसेल तर काही दिवसांत दुसरा डोळाही जाऊ शकतो. पाच मिनिटांचा तो पडदा ही त्याचीच सूचना होती.

आजार पन्नाशीनंतरचा, बायकांत जास्त. आपल्याकडे कमी दिसतो, म्हणून चटकन आठवत नाही. खूप वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षिकेची डोकेदुखी मी मानेच्या मणक्यांवर ढकलली. चावताना दुखतं का, हे विचारलंच नाही. त्यांचा एक डोळा गेला. आज पन्नाशीपुढच्या प्रत्येक नव्या डोकेदुखीला मी तो प्रश्न विचारते. खांदे आणि कंबर सकाळी आखडतात का, हेही विचारते. निम्म्याजणांत ते आढळतं.

रक्तात ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारे आकडे, बहुधा वाढलेले असतात. खात्रीसाठी कानशिलाच्या रोहिणीची सोनोग्राफी किंवा बायॉप्सी (रोहिणीचा छोटा तुकडा काढून तपासणं) करतात. तुम्ही फोनवर विचारलंत, ‘बायॉप्सीआधी स्टेरॉइड कशाला?’ नजर वाचवायला. प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड साधारण रोज ४० ते ६० मिलिग्रॅम. नजरेवर आलं असेल तर अनेकदा आधी शिरेतून मोठी मात्रा देतात. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. मात्र दोन-तीन दिवसांत ठणका उतरला म्हणून सासूबाईंना गोळ्या बंद करू देऊ नका. त्या डॉक्टरच कमी करतील, वर्ष-दोन वर्षांत, हळूहळू. बायॉप्सीची तारीख चार दिवस पुढची मिळाली तरी गोळ्या चालूच ठेवा, तेवढ्याने तपासणी वाया जात नाही.